सुरीच्या आधी पाणी

माझ्या मुलाच्या हातात सुरी होती आणि खाली पडलेल्या माणसाचा गळा उघडा होता. मुलानं एक गुडघा त्याच्या छातीवर टेकवला होता, डाव्या हातानं हनुवटी मागं सारली होती आणि त्याचं तोंड पश्चिमेला वळवलं होतं. बकरं धरतात तसंच. मुद्दाम नाही. त्याला धरायची दुसरी रीत माहीतच नाही. आणि मी रांजणाकडून जर्मलच्या वाटीत पाणी घेऊन येत होते.

दुपारचे तीन वाजले असतील. दाराची एक फळी बिजागरीतून निखळून लोंबत होती. अंगणाच्या पलीकडं लिंबाखाली दहा-बारा जण उभे होते. आत यायचं धाडस कोणी करत नव्हतं, कारण पहिला आत घुसलेला मेला असं त्यांना वाटलं होतं. सून ज्वारीच्या पोत्यांना पाठ लावून उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त बघत होती.

त्या दुपारबद्दल गावात दोन गोष्टी सांगतात आणि दोन्ही खोट्या आहेत. एक अशी, की मुलाण्याच्या घरात जिहाद चालला होता. दुसरी अशी, की त्या घरातल्या म्हातारीनं दया करून दुश्मनाला पाणी पाजलं. पहिलीचा राग कोणालाही येईल. मला दुसरीचा जास्त येतो. पहिली सांगणारे निदान मला वाईट समजून सांगतात. दुसरी सांगणारे कौतुक म्हणून सांगतात आणि मी खरं काय ते सांगायला लागले की ऐकत नाहीत.

आम्ही मुलाणी. धारूरच्या घाटाच्या अलीकडं आमचं गाव आहे. माझं माहेर युसूफ वडगावचं. तिथल्या मराठी शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. घरात आमची दखनी चालते, पण लिहायला मला मराठीच येतं. अरबी वाचता येतं, कळत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी जिहादवर काही बोलले तर हिला काय कळतं असं कोणी म्हणायला नको. जे कळतं तेवढंच लिहिणार आहे.

मुलाण्याचं काम म्हणजे गावाची बकरी कापणं. आमची नव्हे, गावाची. आमच्या भागात नवस फेडायला कंदुरी करतात. टेकडीवरच्या पिराला बकरं बोलायचं, नवस पावला की ते कापून भावकीला, गावाला जेवू घालायचं. कंदुरी करणारी घरं बहुतेक धनगरांची, मराठ्यांची. पण सुरी फिरवायची मुलाण्यानंच. मुलाण्यानं अल्लाचं नाव घेऊन कापलं नाही तर जुनी माणसं त्या रश्श्याला हात लावत नसत. माझ्या सासऱ्यानं हे काम केलं, मग माझ्या नवऱ्यानं, तो वारल्यावर माझ्या मुलानं. मोबदला म्हणजे मुंडी, कातडं आणि सुगीला दोन पायल्या जोंधळे.

या कामात बाईलाही वाटा आहे. कापायच्या आधी जनावराला पाणी पाजायचं असतं. तहानलेलं जनावर कापायचं नाही. माझ्या सासूनं ते पाणी पाजलं आणि लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ती वाटी माझ्या हातात दिली. जर्मलची, म्हणजे अॅल्युमिनियमची, काठाला चेपलेली वाटी. ती रांजणाच्या खाली वेगळी ठेवायची. तिच्यातून माणसानं पाणी प्यायचं नाही. नवरा सुरी घेऊन उभा राहायचा, मी वाटी घेऊन जायचे, तो विचारायचा, पाजलं? मी म्हणायचे, पाजलं. मग तो नाव घ्यायचा आणि हात फिरवायचा. चाळीस वर्षांपेक्षा जास्त मी हे केलं. नवरा गेल्यावर मुलगा विचारायला लागला, पाजलं? मी म्हणायचे, पाजलं. सुरी निघाली की माझे पाय रांजणाकडं वळतात. विचार करायला लागत नाही.

सासरा कडक माणूस होता. सुरीचे त्याचे नियम होते. जनावरासमोर धार लावायची नाही. एकाच्या डोळ्यांदेखत दुसरं कापायचं नाही. पात्याला खाच असेल तर त्या दिवशी काम बंद. आणि भांडून आलेल्या माणसानं सुरीला हात लावायचा नाही. एकदा माझा नवरा बांधावरून भावाशी भांडून आला होता. बाहेर पाहुणे बसलेले, बकरं बांधलेलं, चूल पेटलेली. सासऱ्यानं सुरी त्याच्या हातातून काढून घेतली, त्याला विहिरीवर आंघोळीला पाठवलं आणि सगळ्या भावकीला दोन तास ताटकळत ठेवलं. पाहुणे चिडले. सासरा म्हणाला, राग उतरल्याशिवाय कापलं तर ते कापणं न्हाई, मारणं हाय.

जिहाद हा शब्द मी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा नीट ऐकला. रोज्याचा महिना होता, उन्हाळा होता, आणि एका घरी जावळाचं बकरं कापायचं होतं. मी आजारी होते म्हणून वाटी त्यानं स्वतः धरली. बकरं घटाघटा पाणी प्यालं. सासऱ्याचे ओठ फुटलेले. परत आल्यावर तो मला म्हणाला, पाणी वाटीत हाय, वाटी हातात हाय, बघणारं कोणी न्हाई, आणि प्यायचं न्हाई. पोरी, जिहाद म्हंतेत तो हा. आपलं आपल्याशी झटणं.

मी विचारलं, मग लढाईचा जिहाद कोणता. तो म्हणाला, तो बी हाय, न्हाई कावून म्हणू. तुझ्या अंगावर कोणी आला, तुझ्या घरात घुसला, तर उभं राहायचा हक्क अल्लानं दिलाय. पळपुटेपणा कर असं कुठंच सांगितलं न्हाई. पण जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशीच लढा, आणि हद्द ओलांडू नका, असं कुराणातच हाय. बाईवर न्हाई, म्हाताऱ्यावर न्हाई, लेकरावर न्हाई, उभ्या झाडावर न्हाई. आणि त्याचा हात खाली आला की तुझा हात खाली. त्याच्यानंतर जे करशील त्याला दुसरं नाव हाय.

एवढंच माझं शिक्षण. पुढं एका शिकलेल्या माणसानं मला सांगितलं की मनाशी झटणं मोठं आणि लढणं छोटं असं जे लोक सांगतात, ते वचन पक्कं मानत नाहीत. नसेल पक्कं. रोज्यात हातातली वाटी बकऱ्याला पाजून परत आलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे, तो पक्का होता.

आता त्या आठवड्याचं सांगते. गुरुवारी धनगराच्या म्हातारीची कंदुरी होती. ही म्हातारी माझ्याच वयाची. तिच्या घरची मेंढरं अजून घाटाखाली उतरतात. सुनेला बरं वाटावं म्हणून तिनं बकरं बोललं होतं, सून बरी झाली. माझ्या मुलानं बकरं कापलं. मागचे पाय धरले होते तिच्या पुतण्यानं. तिशीचा माणूस, मनगटात लोखंडाचं कडं. मी पाणी पाजलं. कोणीतरी मोबाइल धरून उभं होतं. आता कुठंही कोणीतरी मोबाइल धरून उभंच असतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. दीडशे माणसं जेवली. रस्सा चांगला झाला होता, थोडा तिखट.

शनिवारी सून मोबाइल घेऊन माझ्याकडं आली. तिचा चेहरा उतरला होता. त्यात माझा मुलगा दिसत होता. त्याचं तोंड, त्याच्या हातातली सुरी, आणि तो बिस्मिल्ला म्हणतोय, अल्लाहु अकबर म्हणतोय. बकरं कुठंच नव्हतं. मी नव्हते, वाटी नव्हती. चित्र असं कापलं होतं की फक्त माणूस आणि सुरी उरली. खाली अक्षरं होती. मला वाचता येतात, मीच वाचली. आपल्या गावात जिहादची तयारी, असं लिहिलं होतं.

मी हसले. खरंच हसले. दीडशे माणसांनी ते बकरं खाल्लंय, त्यांना माहीत नाही का, असं मला वाटलं. हा माझा मूर्खपणा. खाल्लेल्या माणसाला सगळं आठवतं असं मी समजत होते.

मुलगा म्हणाला, चार दिवस चौसाळ्याला मावशीकडं जातो. मी नाही म्हटलं. पळालास तर ते खरं ठरतं, असं मी म्हटलं. तो राहिला. ते माझ्यामुळं.

सोमवारी दुपारी ते आले. आधी लांबून घोषणा, मग अंगणात. मी दार लावून अडसर घातला आणि मुलाला पोत्यांमागं बसवलं. त्याचं वय पस्तीस, तरी बसवलं. बाहेरून म्हणाले, मुलाण्याला बाहेर काढा. आवाज ओळखीचे होते. फळीच्या फटीतून तोंडंही दिसत होती. दोन बाहेरगावचे, बाकी सगळे आपले.

मी आतून म्हटलं, "कशाला बाहेर काढू? गुरुवारी तर भेटला तुमाला. तू रे, तू तर दोनदा वाढून घेतलंस, आणि घरी डबा बी नेला."

बाहेर कोणीतरी फिदकन हसलं. मला वाटलं, सुटलं. मग बाहेरगावच्या एकानं त्याला शिवी दिली आणि हसू थांबलं. कोणी म्हणालं, म्हातारे, गप बस. मग पुतण्याचा आवाज आला, अगदी दाराशी. "चाची, दार उघडा. नुसतं इचारायचं हाय त्याला."

मी म्हटलं, "तू मागले पाय धरले होतेस. तुला काय इचारायचं राहिलंय?"

मग त्यांनी दाराला खांदा लावला. तिसऱ्या धक्क्याला बिजागरी उपटली, अडसर कडीतून निसटला आणि माझ्या हातात राहिला. पुतण्या पहिला आत आला. त्याच्या हातात लोखंडी पहार होती, आणि ती त्यानं उचललेली होती. मी दाराआड होते. मी अडसर दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या डाव्या कानावर मारला.

हे मी स्पष्ट लिहिते. मी मारला. जोरात मारला. बाभळीचा अडसर होता. माझ्या घरात घुसलेल्या, हत्यार उचललेल्या माणसाला मी मारलं, आणि त्याचा मला तेव्हाही पस्तावा नव्हता, आजही नाही. परत तसा आला तर परत मारीन. तो झाडासारखा पडला. पहार माझ्या पायाजवळ आली, ती मी पायानं कोपऱ्यात सारली. कानातून रक्त आलं. बाहेरच्यांनी ते पाहिलं आणि सगळे लिंबापर्यंत मागं गेले.

तिथं माझं काम संपलं होतं. त्याचा हात खाली आला होता.

पण माझा मुलगा पोत्यांमागून उठला. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस चिडलेल्यापेक्षा वाईट. त्यानं कोनाड्यातून सुरी काढली आणि त्या माणसाच्या छातीवर गुडघा टेकवला. आणि मी, सुरी निघालेली पाहून, अडसर टाकला आणि रांजणाकडं गेले.

लोक म्हणतात ती दया ही. मी रांजणातून वाटी भरली तेव्हा माझ्या मनात दया नव्हती. मनात काहीच नव्हतं. सुरी बाहेर, गळा वर, म्हणून पाणी. तीच चेपलेली वाटी, जिच्यातून आम्ही माणसाला पाणी देत नाही. मला कोणाला वाचवायचं असतं तर मी आधी मुलाचा हात धरला असता. मी तो धरला नाही. मी जनावराला पाजायचं पाणी घेऊन आले. याचा अर्थ काय होतो तो ज्याचा त्यानं काढावा. मी काढला आहे आणि त्यानंतर कितीतरी दिवस मला जेवण गेलं नाही.

मी जवळ आले. मुलानं वर पाहिलं नाही. सवयीनं विचारलं, "पाजलं?"

तो शब्द आम्हा दोघांनाही ऐकू आला. त्याच्या तोंडातून बाहेर पडला आणि आमच्या दोघांच्या मध्ये राहिला. त्यानं मान वर केली, वाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आईच्या नात्यानंही पुन्हा बघू इच्छीत नाही.

मी म्हटलं, "न्हाई पाजलं. आणि पाजल्यावर बी कापायचं न्हाई. ठेव खाली."

"त्यानं मला मारलं असतं, अम्मा."

"मारलं असतं. आता मारत न्हाई."

"उद्या परत येईल."

"उद्याचं उद्या. अडसर हाय."

त्यानं सुरी ठेवली नाही. उलट हनुवटीवरचा हात आणखी घट्ट केला. मी खाली बसले आणि वाटी त्या माणसाच्या तोंडाला लावली. पाजायला बसलं की माझा हात जिथं जातो तिथंच गेला, आणि त्यामुळं माझं मनगट सुरीच्या आणि गळ्याच्या मध्ये आलं. हेही मी ठरवून केलं नाही. पण आल्यावर मी ते काढलं नाही. एवढं मात्र माझं. पातं माझ्या बांगडीला लागत होतं, काचेवर घासल्याचा आवाज येत होता, कारण मुलाचा हात थरथरत होता.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. सून म्हणते, तो अर्धी वाटी प्यायला तोपर्यंत. मग तो आवाज थांबला. मुलगा उठला, सुरी कोनाड्यात ठेवायला गेला, कोनाडा सापडला नाही म्हणून ती जमिनीवर ठेवली आणि पोत्याला टेकून खाली बसला. सासऱ्याचा तो जिहाद, आपलं आपल्याशी झटणं, त्या दुपारी माझ्या घरात झाला असेल तर तो माझ्या मुलाच्या कोपरापासून मनगटापर्यंत झाला. त्याचं चित्र कोणी काढलं नाही.

सुनेला मी नंतर विचारलं, तू गप कावून उभी होतीस. ती म्हणाली, "तुमी वाटी घेऊन आलात. मला वाटलं, तुमी दोघं मिळून कापणार."

ती या घरात आठ वर्षं नांदली आहे. तिला तसं वाटलं. ज्यांना माझी दया दिसली त्यांनी तिला विचारावं.

मग धनगराची म्हातारी आली. काठी टेकत, लुगड्याचा ओचा खोचलेला. लिंबाखालच्यांसमोर ती थांबली आणि तिनं त्यांना सुनावलं. बकरं तिचं होतं, नवस तिचा होता, मुलाण्याला तिनं बोलावलं होतं, जिहाद करायचा तर तिच्यापासून सुरू करा. तिनं एकेकाला त्याच्या आजाचं नाव घेऊन विचारलं की तुझ्या जावळाचं बकरं कोणी कापलं होतं. एकेक जण पांगला. मग ती दारात येऊन म्हणाली, "मुलाणीण, माझा पुतण्या जित्ता हाय का?"

"जित्ता हाय. तू उशिरा आलीस."

"जेवत हुते गं. वाटलं, उगं आरडाओरडा चाललाय."

आरडाओरडा अर्धा तास चालला होता आणि तिचं घर चार घरं सोडून आहे. आम्ही अजून एकमेकींकडं जातो-येतो, पण तिचं ते जेवण मी विसरले नाही, आणि तिलाही ते माहीत आहे.

पोलिसांची जीप येईपर्यंत पुतण्या भिंतीला टेकून बसला होता, कानाला माझ्या सुनेची ओढणी बांधून. मी त्याला विचारलं, तूच कावून पहिला. तो म्हणाला, "चाची, त्याच्यात माझं कडं दिसत व्हतं. चित्र कापलं, पण मनगट राहिलं. त्या बाहेरगावच्या दोघांनी इचारलं, हा हात कोणाचा. म्हणले, तू त्यांच्यातला नसशील तर पुढं हो."

मी नंतर बघितलं. खरंच होतं. खालच्या कोपऱ्यात, बोटभर, एक कडं.

पोलीस आले. सुरी शस्त्र म्हणून कागदात बांधून नेली. जमादारानं विचारलं, घरात एवढी मोठी सुरी कावून ठेवता. मी म्हटलं, साहेब, मागल्या उरुसाला तुमी बी जेवलात. तो लिहायला लागला. मग पुतण्यानं जबाब दिला की तो उंबऱ्याला अडखळून पडला. त्याला वाटलं तो आमच्यावर उपकार करतोय. मी म्हटलं, खोटं आहे, मी मारलं, लिहा. जमादार म्हणाला, मावशी, तुमालाच त्रास होईल, मिटतंय तर मिटू द्या. मी म्हटलं, तो हत्यार घेऊन आत आला, मी अडसरानं मारलं, तो पडला, मी थांबले. एवढं लिहा. मला त्याची लाज नाही. त्यानं लिहिलं नाही. सरकारी कागदावर आजही तो माणूस उंबऱ्याला अडखळून पडलेला आहे.

पंधरा दिवसांनी शहरातून एक दाढीवाला तरुण माणूस आला. कपडे पांढरे, बोलणं मऊ. आमच्या वस्तीतल्या चार जणांना गोळा करून माझ्या अंगणात बाजेवर बसला आणि सांगायला लागला की इथं जे झालं तो जिहाद होता, दुश्मन घरात आला होता, माझ्या मुलाला त्याचा जीव घ्यायचा पुरा हक्क होता आणि त्यानं तो सोडला हा कमकुवतपणा झाला.

मी भाकरी करत होते. पिठाच्या हातानं बाहेर आले. मी म्हटलं, हक्क होता, तो मी अडसरानं वापरला, आणि तो माणूस आडवा झाल्यावर संपला. तो हसून म्हणाला, अम्माजी, तुमच्याकडं इल्म, धर्माचं शिक्षण नाही, या मसल्यात बायकांनी बोलू नये.

मी विचारलं, "तुमी कधी कोंबडं तरी कापलंय का?"

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. कापलं नव्हतं. एकजण हसला, मग दुसरा.

मी म्हटलं, "माझ्या घरात तीन पिढ्या सुरी चाललीय. गळा काय असतो ते आमाला माहीत हाय, म्हणून आमी थांबलो. तुमाला माहीत न्हाई, म्हणून तुमी दुसऱ्याच्या लेकाला कापायला सांगता. चहा प्यायचा तर प्या आणि जा." तो चहा न पिता गेला. मोबाइलवर चित्र फिरवणाऱ्यात आणि या माणसात मला फरक दिसला नाही. दोघांनाही माझ्या मुलाच्या हातात फक्त सुरी हवी होती. बकरं, पाणी, वाटी, नियम, सगळं कापून.

आणि शेवटी शाळेच्या मैदानावर सभा घेतली. भाईचाऱ्याची. एका भल्या माणसानं भाषण केलं की या माउलीनं शत्रूला पाणी पाजून आपल्याला धडा दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात लिंबाखालचे सहा जण मी मोजले, तेही वाजवत होते. मला शाल आणि नारळ दिला. बोला दोन शब्द म्हणाले. मी म्हटलं, मी त्याला आधी मारलं, ते तुम्ही सांगितलं नाही, आणि हा व्हिडिओ कोणी फिरवला ते अजून कोणी विचारलं नाही. माइक बंद झाला. शाल मी खुर्चीवर ठेवून आले. नारळ आणला, चटणीला लागतो.

मला याचाच राग आहे. माझ्याजवळ हक्काचा एक वार होता, तो यांनी खोडून टाकला. नसलेली दया माझ्या नावावर मांडली. कारण मार खाऊन पाणी पाजणारी म्हातारी सगळ्यांना चालते. आधी मारणारी आणि मग थांबणारी कोणालाच चालत नाही, ना त्यांना ना आमच्यातल्या त्या मऊ बोलणाऱ्याला. आणि सासऱ्यानं सांगितलं ते नेमकं तेवढंच होतं. मारायचं आणि थांबायचं.

सुरी अजून ठाण्यातच आहे. मुलानं नवी घेतली नाही. तो आता केजला टायरच्या दुकानात जातो. पुढच्या वर्षी धनगराच्या म्हातारीनं बकरं पिराला नुसतं दाखवून परत आणलं, कापायला कोणी नव्हतं. ते म्हातारं झालंय, लोकांची तुरी खातं.

त्या दुपारी माझ्या उंबऱ्याच्या आत चार माणसं होती. मी, माझा मुलगा, माझी सून आणि तो पुतण्या. चौघंही जिवंत आहोत. पुतण्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही.